‘कालच केली आंघोळ’

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चारही घरांतल्या ज्येष्ठांच्या रोजच्या साध्या गोष्टींविषयी आहेत: आंघोळ, कपडे, दात, केस. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते, कारण तसा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच.

प्रश्न : ताई, माझे सासरे ८२ वर्षांचे आहेत. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. बाबा पूर्वी अगदी टापटिपीचे. गेल्या काही महिन्यांत मात्र आंघोळीचं नाव काढलं की चिडतात. ‘कालच केली’ म्हणतात, प्रत्यक्षात चार-चार दिवस झालेले असतात. तेच कपडे घालून बसतात. अंगाला वास येतो, पण तोंडावर सांगवत नाही. यांनी आवाज चढवला की दोन दिवस घरात अबोला. बाबांना समजवायचं तरी कसं?

उत्तर : समजावणं तूर्त बाजूला ठेवू. आधी एवढं शोधून काढा, की खोलीतून उठल्यापासून अंग पुसून परत येईपर्यंत बाबांना कुठे अडतं. मी ३१ वर्षं परिचारिका आहे. त्यातली शेवटची १७ वर्षं घरोघरी जाऊन ज्येष्ठांची सेवा करते आहे. अशा घरी गेले की मी पहिल्या दिवशी आंघोळ घालतच नाही. कोरड्या बाथरूममध्ये, अंगावर सगळे कपडे असताना, ‘तुम्ही कशी करता ते मला एकदा दाखवा’ म्हणते आणि बघत उभी राहते. एका गृहस्थांनी दाखवताना उंबरा ओलांडण्याआधी डाव्या हाताने दार पकडलं, उजव्याने टॉवेल टांगायची नळी पकडली, आणि मग पाय उचलला. ती नळी भिंतीतून हलत होती. ते रोज त्या हलत्या नळीच्या भरवशावर आत जात होते, आणि घरच्यांना वाटायचं आळस करतात.

आंघोळीत काय काय येतं ते पाहा. उभ्याने किंवा एका पायावर तोल सांभाळत कपडे काढायचे. ओल्या फरशीवर वळायचं. साबणासाठी वाकायचं. तोंड धुताना डोळे मिटायचे, आणि वयस्कर माणसाला यातलं सर्वांत भीतीचं हेच असतं. आपला तोल डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव या तिघांवर असतो. वयानुसार शेवटचे दोन मंदावतात आणि सगळा भार डोळ्यांवर येतो. ते मिटले की जमीन सरकल्यासारखी वाटते. ‘मला चक्कर येते’ असं कुणी सांगत नाही, ‘आज नको’ एवढंच म्हणतात. त्यात उतारवयात शरीराला ऊब धरून ठेवता येत नाही. आपल्याला बरं वाटणाऱ्या हवेत ते ओल्या अंगाने कुडकुडतात.

वासाचं म्हणाल, तर वाढत्या वयात घ्राणशक्ती कमी होते. तुम्हाला येणारा वास बाबांना खरोखर येत नसेल. म्हणून तो मुद्दा वादात आणू नका. त्यांना तो खोटा आरोप वाटतो.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. मी सेवेला जात असे अशा एका आजोबांचं असंच होतं, पत्नी गेल्यावर आंघोळ सुटली. त्यांच्या मुलीशी बोलता बोलता कळलं, की आजी रोज ठरल्या वेळी टॉवेल आणि धुतलेले कपडे खुर्चीवर काढून ठेवायच्या आणि ‘पाणी काढलंय’ अशी हाक मारायच्या. पन्नास वर्षं त्यांची आंघोळ त्या हाकेने सुरू होत होती. हाक थांबली आणि कपाटात कुठल्या खणात काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचा संकोच वाटायचा. मुलीने काही न बोलता त्याच वेळी त्याच खुर्चीवर कपडे काढून ठेवायला सुरुवात केली. पहिले चार दिवस ते तसेच पडून राहिले. पाचव्या दिवशी ते उठले. तुमच्या घरी हेच कारण असेल असं मी म्हणत नाही, पण सासूबाई त्यांच्यासाठी काय काय करत असत ते आठवून पाहा. घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

‘कालच केली’ हे खोटं नसण्याचीही शक्यता आहे. ज्याचे सगळे दिवस सारखे जातात त्याला काल आणि परवा वेगळे आठवत नाहीत. पण बदल काही महिन्यांतला आहे, आणि त्याबरोबर विसरणं, गप्प राहणं, झोप किंवा भूक बिघडणं असं काही दिसत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, सांधेदुखी, लघवीचा संसर्ग, यातलं काहीही आधी आंघोळीच्या टाळाटाळीतून दिसू शकतं.

रोज पूर्ण आंघोळ व्हायलाच हवी असा हट्ट मी तरी धरत नाही. ऐंशीनंतर त्वचा पातळ होते, तेलग्रंथी कमी काम करतात. रोज कढत पाणी आणि भरपूर साबण म्हणजे कोरडेपणा, खाज, आणि खाजवून झालेल्या जखमा. चेहरा, काखा, जांघा आणि पाय रोज ओल्या कापडाने नीट पुसून कोरडे करायचे, पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा. बऱ्याच जणांना एवढं पुरतं. पाणी कोमट, साबण गरजेच्या जागीच, आणि अंग टिपल्यावर लगेच, किंचित दमट असतानाच मॉइश्चरायझर. तळपायांना मात्र चालण्याआधी काही लावू नका, घसरतात.

बाथरूममध्ये पाठ टेकता येईल अशी, पाय न घसरणारी खुर्ची ठेवा. हाती धरायचा शॉवर असला तर उत्तम. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा, टॉवेलची नळी चालणार नाही. दार आतून लावलं तरी बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा. आणि आत जायच्या आधीच टॉवेल त्यांच्या मांडीवर द्या. नागवं बसावं लागतं याची लाज वय वाढलं म्हणून कमी होत नाही. खांद्यांवरून टॉवेल पांघरून त्याखालून अंग धुता येतं. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी तर पलंगावरच कोमट, दमट टॉवेलांनी अंग झाकत-पुसत आंघोळ घालायची पद्धत आहे. २००४ साली अमेरिकेत तिची नीट चाचणी झाली. नर्सिंग होममधल्या ज्या ज्येष्ठांना अशी, किंवा त्यांच्या कलाने शॉवरखाली आंघोळ घातली, त्यांची चिडचिड आणि मारहाण बरीच कमी झाली.

माझी एक चूक सांगते. मी नवी असताना एका रुग्णालयात पहाटे साडेपाचला सगळ्या वॉर्डच्या आंघोळी उरकायचो, कारण सहाला पाळी बदलायची. एक आजी रोज हात झटकायच्या, ओरडायच्या. त्यांच्या कागदावर मी स्वतः ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलं. पुढे त्यांची बहीण भेटायला आली तेव्हा म्हणाली, ‘हिने आयुष्यभर रात्री झोपताना आंघोळ केली, नाहीतर हिला झोपच येत नसे.’ अकरा दिवस मी त्या बाईंना पहाटे उठवून भिजवत होते. मला कुणी विचार म्हणून सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी होऊनही विचारलं नाही. ते मला आजही टोचतं.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, ‘आंघोळ करायची का?’ असं विचारूच नका, त्याचं उत्तर ‘नको’ असंच येणार. ‘आत्ता करता की संध्याकाळी?’ असं विचारा. आणि संध्याकाळी म्हणाले, तर संध्याकाळीच.

प्रश्न : मी स्वतः ७७ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मुलगी माझ्याकडे येऊन राहिली आहे आणि माझं सगळं करते. केस विंचरते, बटणं लावते, मोजे चढवते. आता मी काठी घेऊन चालते. मला वाटतं हे मी करावं. पण मला एक बटण लावायला दोन मिनिटं लागतात, ती सगळी चुटकीसरशी लावते. ‘आई, राहू दे गं’ म्हणते. एवढं करणाऱ्या मुलीला कसं सांगू, की मला हे आवडत नाही?

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. ज्येष्ठांबद्दल लिहिणारे खूप, पण ज्यांचे केस विंचरले जातात त्यांनी स्वतः लिहिलेलं पत्र फार क्वचित येतं.

तुमच्यासारख्याच खुब्याचं हाड मोडलेल्या अनेक रुग्णांना बघून सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली, माणूस रोजचं किती स्वतःचं स्वतः करतो हे मोजायची एक मोजपट्टी मांडली. जगभर ती अजून वापरतात. त्यात सहाच गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. त्यांना दिसलं, की माणूस या गोष्टी बहुधा एका क्रमाने गमावतो, आंघोळ आधी, जेवण शेवटी. आणि बरा होताना उलट्या क्रमाने परत मिळवतो, लहान मूल शिकतं साधारण तसा. तुमची गाडी आता कपड्यांपाशी आली आहे. म्हणजे बटणांचा हट्ट अगदी वेळेवर आला. इथे दुसऱ्याचा हात मध्ये येत राहिला तर बोटांना करायला काही उरत नाही आणि ती आखडतात.

दुसरी एक गोष्ट मुलीला वाचून दाखवा. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमातल्या दोन मजल्यांवर प्रयोग केला. दोन्हीकडच्या ज्येष्ठांना कुंडीतलं रोपटं दिलं. एका मजल्यावर सांगितलं, रोप तुम्ही निवडा आणि तुम्हीच सांभाळा, तुमच्या खोलीचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिलं आणि सांगितलं, पाणी परिचारिका घालतील, तुमची काळजी घ्यायला आम्ही आहोत. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत आणि आनंदी दिसत होते. दुसऱ्या मजल्यावर प्रेम कमी नव्हतं. तुमच्या मुलीचंही कमी नाही.

आता बटणांचं. हात पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, बोटं सैल होतात. हात असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसा. सुरुवात सर्वांत खालच्या बटणापासून करा. ते डोळ्यांना दिसतं, आणि दोन्ही बाजू सरळ जुळतात. चिमटीत धरता येत नसेल तर अंगठ्याने बटण तर्जनीच्या कडेवर दाबून धरा आणि घर त्याच्यावरून ओढा. बटण ढकलू नका, कापड ओढा. एक लाकडी मूठ आणि तारेचा फासा असलेलं बटण लावायचं साधनही मिळतं. संधिवात असलेल्या माझ्या एका आजी त्याने गळ्याचं बटण आरशाशिवाय लावतात. शस्त्रक्रिया झालेल्या पायाला कपडा आधी चढवायचा आणि काढताना त्या पायातून शेवटी काढायचा. मोज्यांसाठी वाकायचं की नाही, किती वाकायचं, हे मात्र तुमच्या सर्जनना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर बराच काळ वाकण्यावर बंधन असतं. लांब दांड्याचा शूहॉर्न आणि मोजे चढवायचं साधन, दोन्ही मिळतं.

मुलीला ‘मला आवडत नाही’ असं म्हणू नका. काम वाटून द्या. ‘पुढची बटणं माझी, मागची कॉलर तुझी. केस मी विंचरते, मागे राहिलं असेल तर तू बघ.’ आणि हे घाईच्या वेळी करू नका. कुठे जायचं नसेल अशा दिवशी सुरू करा, नाहीतर पहिल्याच दिवशी ती घड्याळाकडे बघेल आणि तुमचे हात थरथरतील. तुमचे केस तुम्हाला हवे तसे बसले नसतील तरी दिवसभर तसेच राहू द्या. तिलाही ते बघायची सवय व्हायला हवी.

प्रश्न : माझे वडील रात्री कवळी काढत नाहीत. डेंटिस्टनी सांगूनही नाही. काय करावं?

उत्तर : काढायला हवी. रात्रभर कवळी राहिली तर हिरड्यांना विश्रांती मिळत नाही आणि तिच्याखाली बुरशी धरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका अभ्यासात ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांना तीन वर्षं पाहिलं. झोपताना कवळी ठेवणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट निघाला.

पण ते का काढत नाहीत हे विचारलंत का? माझ्या अनुभवात बहुतेकांचं कारण एकच असतं. नातवंडं अचानक खोलीत येतात आणि बोळकं तोंड बघतात. झाकणाची अपारदर्शक डबी उशाशी ठेवा, पारदर्शक पेला नको. दिवा मालवल्यावर काढू दे त्यांना. मुलांना दारावर टकटक करायला शिकवा. कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, उकळतं पाणी वापरलं तर तिचा आकार बिघडतो. घासताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरा, हातातून सुटली तर तुटणार नाही.

प्रश्न : आईला पक्षाघात झाल्यापासून नीट बोलता येत नाही, समजतं मात्र सगळं. पुढच्या महिन्यापासून आम्ही दिवसभरासाठी मदतनीस ताई ठेवतो आहोत. त्यांना काय काय सांगून ठेवावं?

उत्तर : औषधांची यादी तुम्ही द्यालच. तिच्यासोबत आईच्या आवडीनिवडीचा एक कागद द्या. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये २०१० पासून प्रत्येक ज्येष्ठाला ठरावीक प्रश्न विचारतात: कुठले कपडे घालायचे हे स्वतः ठरवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? आंघोळ कशी करायची हे? कधी झोपायचं हे? आपल्या वस्तू स्वतः सांभाळणं? फोनवर एकांतात बोलणं? आपलं काही कुलपात ठेवता येणं? उत्तरांच्या पर्यायांत ‘फार महत्त्वाचं’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत सगळं आहे, आणि त्यांच्याशिवाय एक निराळाच पर्याय आहे: ‘महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा तशी मुभा नाही.’ आईला विचारताना हा पर्याय विसरू नका. गप्प राहिलेल्या माणसाचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

बोलता येत नसेल तर प्रश्न वस्तूंनी विचारा. दोन कपडे समोर धरा आणि थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, पक्षाघातानंतर उत्तर यायला वेळ लागतो. डोळे कुठे जातात, हात कुठे उचलतो ते बघा. एका वेळी दोनच पर्याय द्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलून पुन्हा विचारा. पक्षाघातात एका बाजूचं दिसणं कमी झालेलं असू शकतं, मग आई रोज उजवीकडचाच कपडा ‘निवडते’ असं तुम्हाला वाटेल.

कागदावर ‘स्वच्छतेची आवड आहे’ असं लिहू नका, त्याचा मदतनीस ताईंना उपयोग नाही. मी एका घरी लिहिलेल्या कागदातल्या काही ओळी देते, त्यावरून अंदाज येईल.

‘आधी चष्मा, मग श्रवणयंत्र, मग बोलायला सुरुवात. चष्मा लावल्याशिवाय हात लावला तर दचकतात. तोंड स्वतः धुतात, कापड पिळून उजव्या हातात द्यावं. डाव्या हाताची बाही आधी. केस मागे, कपाळावर एकही बट नको, राहिली तर दिवसभर हात तिकडे जातो. पावडर लावत नाहीत. टॉयलेटमध्ये दार लोटून बाहेर उभं राहावं, बोलू नये. संध्याकाळनंतर पाणी नको म्हणतात, कारण रात्री कुणाला उठवायला नको वाटतं. म्हणून सकाळपासून थोडं थोडं द्यावं.’

ही शेवटची ओळ आम्हाला तीन आठवड्यांनी कळली. तोवर घरच्यांना वाटत होतं, यांना तहानच लागत नाही. वयानुसार तहान मंदावते हेही खरंच आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तुमचाही कागद पहिल्या आठवड्यात अर्धाच भरेल. खाली जागा सोडा, मदतनीस ताईंना त्यात लिहू द्या, आणि नवीन ओळ लिहिली की ती आईला वाचून दाखवा. मान हलवून नाही म्हणाल्या तर खोडा.

आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा. भिंतीवर लावलात तर भेटायला येणारा प्रत्येक जण आईसमोर उभा राहून वाचेल.